मी आलो, मी जेवालोय

"रिपोर्ट झाला का?" साहेबांनी विचारलं.

"करायला लागलोय," मी म्हणालो.

"आत्ता लागलीस? मग सकाळपासून काय करत होतीस?"

सकाळी साडेनऊपासून मी तोच रिपोर्ट करत बसलो होतो. चौतीस शाखांपैकी एकतीस शाखांचे आकडे जुळवून झाले होते, चहासुद्धा जागेवर मागवला होता. साहेब पुण्याचे. त्यांच्या कानाला 'करायला लागलोय' म्हणजे 'आत्ता कुठे हातात घेतलं'. माझ्या तोंडी त्याचा अर्थ 'चालू आहे, त्यातच आहे, मान वर करायला सवड नाही'. दोघंही मराठीच बोलत होतो आणि त्या दिवशी मी कामचुकार ठरलो.

ही २०११ सालची गोष्ट. अजून डोक्यातून गेलेली नाही.

मी बाई आहे. वर 'म्हणालो', 'बसलो होतो' लिहिलंय ते चुकून नाही. माझं गाव कागल तालुक्यात, आणि आमच्या कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी भाकरी करतो, मी उद्या येतो. एरवी या ब्लॉगवर मी 'आले, गेले' लिहितो. ही पोस्ट घरच्या बोलण्यात लिहिणार आहे, कारण 'आले, गेले' करून सांगायला गेलं तर अर्धी गोष्ट वाटेतच सांडते.

याला नियम आहे, आणि तो आमच्याकडच्या चार वर्षांच्या पोरीलाही न शिकवता येतो. स्वतःबद्दल बोलताना 'आलो'. समोरच्या मुलीला विचारताना 'आलीस'. तिसरीबद्दल 'आली'. म्हणजे आई मला विचारते, "जेवलीस काय?" आणि मी सांगतो, "जेवलो." आई म्हणते, "मी पण आत्ताच जेवलो." या तीन वाक्यांत आम्हाला काहीच वेगळं वाटत नाही. बाहेरचा माणूस मात्र दचकतो आणि विचारतो, "तुम्ही मुलांसारखं का बोलता?" मुलांसारखं कुठं? माझी आज्जी नऊवारी नेसायची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावायची आणि म्हणायची, "आज मी चतुर्थी धरतो." ते तिचं बायकी बोलणंच होतं. तिच्या आईचंही तेच होतं.

तसं बघितलं तर पुण्या-मुंबईच्या बायकाही चारचौघी मिळून 'आम्ही आलो'च म्हणतात. 'आम्ही' म्हणताना मराठी बाई-पुरुष बघत नाही. आम्ही एकटं असतानाही बघत नाही, एवढाच फरक. कानडीत तर 'मी आलो' आणि 'मी आले' दोन्हीला एकच, 'नानु बंदे'. आमच्यापासून कानडी मुलूख लांब नाही. कागल ते निपाणी वीसेक किलोमीटर, आणि माझ्या आईचं माहेर निपाणीजवळचं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा निपाणी तिकडं गेली, आम्ही इकडं राहिलो. सोयरिकी, बाजार आणि बोलणं होतं तसंच राहिलं. मला वाटतं, आमच्या बायकांचं 'मी आलो' या शेजारातनंच आलं असावं.

२००८ ला मी पुण्यात आलो, कर्वेनगरात मुलींच्या एका वसतिगृहात. पहिल्या रात्री खोलीतल्या मुलींना म्हणालो, "मी जरा खाली जाऊन आलो." तिघी हसल्या. वाईट मुली नव्हत्या. पण नंतर रोज कोणीतरी माझी नक्कल करून 'मी आलो, मी आलो' म्हणायचं आणि मला आतल्या आत चिरडल्यासारखं व्हायचं. महिनाभरात मी 'आले' म्हणायला शिकलो. तोंडात खडा ठेवून बोलावं तसं. आईचा फोन आला की मी खोलीबाहेर, जिन्यात जाऊन बोलायचो. 'जेवलो', 'झोपतो', 'बरा हाय' हे सगळं त्या जिन्यात. परत आत आलो की 'जेवले'.

त्या जिन्यात खालच्या आवाजात बोललेल्या मराठीबद्दल मला लिहायचं आहे. कारण कोल्हापुरी म्हटलं की लोकांना मोठ्या आवाजातलीच मराठी माहीत आहे. टी-शर्टावर छापलेलं 'नाद खुळा', गाडीच्या मागच्या काचेवरचं 'नादच करायचा न्हाई', 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी', 'जाळ आणि धूर संगटच'. कोणाला कळलं की मी कोल्हापूरकडची, तर लगेच मिशीला पीळ दिल्यासारखा आवाज काढून यातलं एखादं म्हणून दाखवतं. रांगडी भाषा, म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही.

आता 'करायला लागलोय' कडे परत येतो, कारण आमच्या बोलण्याचा कणा तोच आहे. तोसुद्धा पुस्तकी रूपात नाही. घरात तो झिजून गोटा झालेला असतो. 'करायला लागलोय'चं 'करालोय'. 'जेवायला लागलोय'चं 'जेवालोय'. 'यायला लागलोय'चं 'यालोय'. "काय करालीस?" "धुणं धुवालोय." "पाऊस पडालाय काय तिकडं?" "सकाळधरनं पडालाय." चालू असलेलं कुठलंही काम याच साच्यातनं निघतं. तिथं 'लागणे' म्हणजे सुरुवात नसते. चिकटणं असतं. माणूस कामाला चिकटलेला आहे.

हे मला माहीत नव्हतं, मी फक्त बोलत होतो. सांगितलं ते आमच्या अकाउंट्समधल्या हुबळीच्या एका सहकाऱ्यानं. एकदा तो घरी फोनवर बोलत होता आणि मला सारखं 'माडाकत्तीनि, माडाकत्तीनि' ऐकू यायलं. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "'करतोय'. आमच्या धारवाड-हुबळीकडं असं म्हणतात. 'माडाक' म्हणजे करायला, आणि पुढचं 'हत्तु'. हत्तु म्हणजे चढणं, चिकटणं, लागणं." मी पेन खाली ठेवलं. करायला लागलोय. माडाक हत्तीनि. शब्द वेगळे, सांगाडा तोच. कुणीतरी, कधीतरी, बाजारात नाहीतर बांधावर उभं राहून कानडी वाक्यात मराठी शब्द भरले असतील, आणि त्यातलं एक वाक्य मी पुण्यात साहेबांना ऐकवलं होतं. त्या दिवसापासून 'करायला लागलोय' ही माझी चूक आहे असं मी एकदाही मानलेलं नाही.

शब्दही असेच आलेत. शर्टाच्या बटणाला आई 'गुंडी' म्हणते, कानडीतही गुंडीच. 'शोधणे' आमच्या घरात कोणी म्हणत नाही, 'हुडकणे' म्हणतात, आणि कानडीत शोधायला 'हुडुकु'. हुडकल्यावर वस्तू 'सापडत' नाही, 'गावती'. "चष्मा गावला काय?" "गावला की." मोठ्या भावाला अण्णा, मोठ्या बहिणीला आक्का, तेही तिकडचंच.

काही शब्द पुण्यात आले की उलटे होतात. 'शिस्तीत' घ्या. पावसाळ्यात आमच्या इमारतीचा जिना ओला झाला होता आणि वरच्या मजल्यावरच्या काकू उतरत होत्या. मी म्हणालो, "काकू, शिस्तीत उतरा हं." त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेलो, तेव्हा कळलं. त्यांना वाटलं, मी त्यांना वागण्याची शिस्त सांगितली. आमच्याकडे 'शिस्तीत' म्हणजे सांभाळून, सावकाश, जिवाला जपून. मोटरसायकलवरून निघालेल्या पोराला आई दारातून 'शिस्तीत जा रं' म्हणते. म्हाताऱ्या माणसाला बसमधून उतरवताना कंडक्टर 'शिस्तीत, आज्जी, शिस्तीत' म्हणतो. हा काळजीचा शब्द आहे. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावून चहा दिला, आणि आता मी निघालो की त्याच मला 'शिस्तीत जा' म्हणतात.

'दमानं' त्याचाच भाऊ. "दमानं खा की, कोण पळवून न्यालंय?" हे वाक्य मी माझ्या लहानपणी किती वेळा ऐकलं असेल.

आणि त्यातला तो 'की'. पुण्यात 'ये ना', 'बस ना'. आमच्याकडे 'ये की', 'बस की', 'खा की'. नुसतं 'बस' म्हटलं तर हुकूम होतो. 'बस की' म्हटलं तर त्यात 'उभा का राहिलास, आपलंच घर आहे' एवढं सगळं येतं. माझ्या नवऱ्याला (तो नाशिकचा) पहिल्या वर्षी माझे आईवडील त्याच्यावर चिडलेत असं वाटायचं. "घ्या की, घ्या की, एवढंच काय घेतलंसा" हे आमच्या घरात ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात नाशकात भांडण होत असावं. मी त्याला सांगितलं, आवाज ऐकू नकोस, 'की' ऐक.

जेवणावरनं आठवलं. "रविवारी घरात जेवण हाय, या." पुण्याच्या माणसाला यात काही कळत नाही, रविवारी जेवण सगळ्यांच्याच घरी असतं. आमच्याकडे 'जेवण' एवढंच म्हटलं की मटण. तांबडा, पांढरा, सुकं. वेगळं सांगायची गरज नसते. रोजच्या भाकरीबरोबर जे लावून खायचं, आमटी असो, पिठलं असो, नाहीतर कसली भाजी, ते 'कोरड्यास'. "आज कोरड्यास काय केलंयस?" कच्ची भाजी ती 'माळवं'. बाजारात जाऊन माळवं आणायचं, त्याचं कोरड्यास करायचं. पुण्यात दोन्हीला 'भाजी'च. मिसळीवरच्या लाल झणझणीत रश्श्याला 'कट' म्हणायचं आणि ब्रेडबरोबर खायची. जे तिखट नाही, मिठालाही कमी आहे आणि गोडसर लागतंय ते 'गुळमाट'. माणूसही गुळमाट बोलतो. तोंडावर गोड आणि पोटात काय ते कळत नाही, असा. गुळाच्या जिल्ह्यात हा शब्द असा वाईट अर्थानं वापरतात याचं मला नेहमी नवल वाटतं.

हाक मारायचे शब्द जपून वापरावे लागतात, तिथं बाहेरची माणसं हमखास चुकतात. 'लगा' हा बरोबरीच्या माणसाला. "काय लगा, हाईस कुठं?" मामाला, सासऱ्याला, मास्तरांना 'लगा' म्हणायचं नसतं. 'मर्दा'चंही तसंच. "व्हय मर्दा, कालच बघितलं." अनोळखी माणूस दिसला तर तो 'पाव्हणं'. रस्ता विचारणारा असो, गाडी पंक्चर झालेला असो. "काय पाव्हणं, कुठलं गाव?" आणि गाव सांगितलं की त्या गावातला आपला कोण आहे हे दोन मिनिटांत निघतंच. हिवाळ्यात ओळखीचा शेतकरी भेटला तर 'कसं काय' नंतरचा प्रश्न ठरलेला, "तोड आली काय?" कारखान्याकडून ऊसतोडीची पाळी आली का, असा त्याचा अर्थ. ज्याची तोड आली नाही त्याच्या तोंडाकडं बघूनच कळतं, तरी विचारायचं. त्यानंही "कुठली, वाट बघालोय" म्हणायचं.

कुस्तीचे शब्द तर आमच्या स्वयंपाकघरात आहेत. माझ्या आईनं आखाड्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. पण भाजीवाल्याशी भाव करून आली की म्हणते, "जरा खडाखडी झाली, मग आला सरळ." खडाखडी म्हणजे पैलवान एकमेकांना भिडून ताकदीचा अंदाज घेतात ती. दोन पुढाऱ्यांचं भांडण वरवरचं वाटलं की अण्णा (माझे वडील, सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणतं) पेपर बाजूला ठेवून म्हणतात, "नुरा हाय." नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती.

राहिला 'नाद खुळा'. मी त्याच्या विरुद्ध नाही. तो आमचाच शब्द आहे, आणि म्हणूनच तो कसा म्हणतात ते सांगायला पाहिजे.

'नाद' म्हणजे छंद नव्हे. छंद रविवारी करतात. नाद लागला की माणसाचं बाकीचं आयुष्य त्याच्याभोवती फिरायला लागतं. कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा. माझ्या तात्यांना, म्हणजे चुलत्यांना, म्हशीचा. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी रस्त्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, हे पुष्कळांना माहीत आहे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवतात, ते बाहेर कमी लोकांना माहीत आहे. तात्या आठ दिवस आधीपासून लागायचे. अंगावरचे केस कात्रीनं कापून नक्षी काढायची, शिंगं घासून रंगवायची, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चांदीचा तोडा. काकी म्हणायची, माझ्या अंगावर एवढं नाही घातलं कधी.

मग पाडव्याला तात्या मोटरसायकलवर बसायचे. गाडीचा आवाज ओळखून ती म्हैस मागं पळायला लागायची. दोरी नाही, काठी नाही. कधीतरी तात्या मागं वळून नुसती हाक मारायचे आणि ती मान वर करून गर्दीतनं वाट काढत यायची. मी दहा वर्षांचा असेन, अण्णांच्या खांद्याला धरून कट्ट्यावर उभा होतो. बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला पटका, हातात काठी. म्हैस आमच्यासमोरून गेली, मोरपिसं हलत होती, अंगावर तेलाची चकाकी. सगळे ओरडत होते, शिट्ट्या चालल्या होत्या. ते म्हातारे ओरडले नाहीत. म्हैस लांब जाईपर्यंत बघत राहिले आणि अगदी हळू, स्वतःशीच, म्हणाले, "नाद... खुळा."

दोन शब्दांच्या मध्ये थांबले होते. एका जनावरासाठी एवढं करणारा माणूस खुळाच म्हणायला पाहिजे, आणि ते खूळ आपल्यात असतं तर किती बरं झालं असतं, असं दोन्ही त्यात होतं. आमच्याकडे 'खुळा' हा शिवीसारखा शब्द नाही. आई लेकराला जवळ घेऊन 'खुळं माझं' म्हणते. टी-शर्टवरच्या 'नाद खुळा'त धमकी आहे. मी कट्ट्यावर ऐकला त्यात नव्हती.

म्हणून कोणी मला कोल्हापुरी शिकव म्हटलं, तर मी आधी ते चार जोरकस वाक्प्रचार सांगत नाही. 'यालोय' सांगतो. 'शिस्तीत' सांगतो. 'की' कुठं लावायचा ते सांगतो. ते जमलं की बाकीचं आपसूक येतं, आणि 'नाद खुळा' कधी म्हणायचं नाही तेही कळतं.

आता मी फोन घ्यायला जिन्यात जात नाही. ऑफिसात, टेबलावरच बोलतो. आजूबाजूला कोणी नवीन असेल तर मान वळते, वळू दे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिची सगळी शाळा पुण्यात. ती 'मी आले' म्हणते आणि तेही बरोबरच आहे, तिला मी कधी दुरुस्त केलं नाही. मे महिन्यात ती पंधरा दिवस गावी राहून आली. आल्यावर दोन दिवस 'मी जातो', 'मी करतो' चाललं होतं. तिसऱ्या दिवशी खालच्या मैत्रिणींत खेळून आली आणि परत 'आले' झालं. मी काही बोललो नाही. पण रात्री आज्जीचा फोन आला तेव्हा तिनं आधी दार लोटून घेतलं का, ते मी बघितलं. घेतलं नव्हतं. हॉलमध्ये बापासमोरच बसून बोलत होती.

"जेवलीस काय गं?"

"जेवालोय, आज्जी."

"कोरड्यास काय केलंय आईनं?"

तिनं ताटात बघितलं आणि मला विचारलं, "आई, शेपूला कोरड्यास म्हणायचं का?"

"म्हणायचं की," मी म्हणालो.